पोरगं थांबलं पाहिजे

अण्णा खांबेटे माणसाला नावाने हाक मारत नसत, पट्टीने मारत. पेटीवर ज्या पट्टीत तुमचा आवाज बसेल, तेच तुमचं नाव. मी त्यांच्या लेखी 'काळी एक', आणि तीही उतरलेली! भर बाजारपेठेत, आजूबाजूला माझेच विद्यार्थी असताना, "अहो उतरलेली काळी एक, जरा इकडे या!" अशी आरोळी आली की मास्तरकीची सगळी अब्रू सावित्री नदीत. कचेरीतले हेडक्लार्क 'पांढरी पाच'. दासगावच्या बंदरापर्यंत मोटार हाकणारे हसनमियाँ 'काळी चार'. हसनमियाँना मात्र त्याचा कोण अभिमान! "अण्णांनी दिलेली पदवी हाय," असं उतारूंना सांगायचे.

अण्णांचा महाडात शिळाछापखाना होता. लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती ते स्वतः दगडावर काढत. दगडावर उलटं काढायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. उलटं काढण्यात या गृहस्थाचा जन्म गेला होता, आणि स्वभावही त्याच वळणावर गेला होता असं माझं स्पष्ट मत. उरलेला वेळ पेटी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक वासू सोळाव्या वर्षी बापाशी भांडून दासगावच्या लाँचने मुंबईला गेला, तो परत आलाच नाही. कुठे राहतो, काय खातो, कुणाला पत्ता नव्हता. अण्णांपुढे त्याचं नाव काढायची तर कुणाची छातीच नव्हती.

अशा माणसाच्या डोक्यात एके दिवशी मासिक शिरलं. संगीताचं, आणि तेही तरुण पोरांसाठी! नाव 'सूरसोबती'.

"अहो अण्णा," मी म्हटलं, "इथे मोठी माणसं शेजाऱ्याचं वर्तमानपत्र मागून वाचतात. आणि पोरं संगीताचं मासिक घेणार?"

"घेणं मागाहून हो! पोरगं रस्त्यानं चाललंय, दुकानात अंक टांगलाय, आणि पोरगं थांबलं पाहिजे! चालता चालता थांबलं पाहिजे!"

त्या दिवसापासून त्यांनी हेच धरलं. माझं अक्षर बरं, म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. छापखान्याच्या खास पिवळ्या कागदावर मी सुलटं लिहायचं, आणि अण्णांनी तो दगडावर दाबून उतरवायचा. पण लिहिणं राहिलं बाजूला, आधी माझ्याकडे मागितलं काय, तर भूमितीच्या पुस्तकाचं माप!

"अंक तेवढाच करायचा. बाप आला की पुस्तकात गडप!"

"अण्णा, मी शिक्षक आहे!"

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय. वाण्याला विचारू?"

मी 'संगीताची थोरवी' असा एक भारदस्त लेख लिहून नेला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. "हे वाचून पोरगं थांबेल," म्हणाले, "पण पुन्हा हलायचं नाही." त्याऐवजी बाकावर बोटांनी वाजवता येतील असे ताल आले. 'कोंबडा, मोटारीचा भोंगा आणि तुमचे मास्तर : कोण कोणत्या पट्टीत?' अशी स्पर्धा आली. नमुन्याची पानं त्यांनी शाळेच्या फाटकाशी वाटली मात्र, माझे हाल कुत्रा खाईना! मी फळ्यावर त्रिकोण काढतोय आणि मागच्या बाकावरून धा धिं धिं धा. कान धरावा तरी कुणाचा? ठेका चोख होता हो!

मग खेड्यातल्या पोरांचं मत घ्यायला मला पोलादपूरच्या बाजारात नेलं. कोंबड्यांचा खुराडा घेऊन एक पोरगा चालला होता, त्याच्या हातात अण्णांनी पानं कोंबली.

"आवो, ह्याच्यात तमाशातली गानी हायत काय?"

"नाहीत बाबा."

"मंग चित्रा?"

"तीही नाहीत."

"मंग काय नुसती अक्षरा बघू? कोंबड्या वरडतायत माझ्या!" आणि गेला की निघून.

मला भयंकर राग आला. अण्णा मात्र खूश. "पांढरी तीन! आणि बोलला किती बरोबर! चित्र पाहिजे, मास्तर. मुखपृष्ठावर मोठं चित्र पाहिजे."

ते चित्र त्यांनी छापखान्याचं दार लावून घेऊन काढलं. मला, म्हणजे प्रत्यक्ष लेखनिकाला, आत पाऊल टाकू दिलं नाही.

अंक निघाला, बाजारपेठेतल्या दुकानांत टांगला गेला, आणि पोरं खरंच थांबली. पोरांमागे थोरही थांबले आणि खो खो हसायला लागले. मुखपृष्ठावर एक तरुण मुलगा पेटी वाजवत होता. पण भाता उजव्या हातात आणि बोटं चालताहेत डाव्या हाताची!

"काय वो अण्णा, पोरगा उलटा बसवलाय, नाय?" हसनमियाँ म्हणाले.

"दगडावर उलटं काढायचं विसरले. वय झालं, दुसरं काय," हेडक्लार्कांनी निकाल दिला.

मला वाटलं, आता अण्णा आकाशपाताळ एक करणार. भजनात कुणाचा सूर हलला तर हा माणूस प्रसाद न घेता उठून जायचा. पण ते खाली बघून एवढंच म्हणाले, "हो. चुकलं असेल."

ते 'असेल' मला काही पचेना. घरी येऊन मी अंक नीट पाहिला. चित्रातल्या मुलाजवळ भूमितीचं पुस्तक होतं, आणि त्यावरची अक्षरं सुलटी होती. मासिकाचं नावही सुलटं. दगड एकच, काढणारा हात एकच. अण्णा विसरले असते तर अक्षरं नसती का उलटी उमटली? मग पोरगाच तेवढा उलटा कसा?

आणि मला वासू आठवला. वासू डावखुरा होता. पेटीच्या पट्ट्यांवर डावा हात ठेवला की अण्णांचा पारा चढायचा. "सरस्वतीला डावा हात?" म्हणून एकदा त्यांनी त्याचा तो हात उपरण्याने पाठीशी बांधला होता. "असंच पाहिजे," असं सगळी आळी म्हणाली होती. पोरगं गेलं ते त्यानंतरच.

मी तसाच छापखान्यात गेलो. आतून पेटी ऐकू येत होती. सा, रे, मग भलतंच काहीतरी, पुन्हा सा. एखादा नवा शिष्य असेल म्हणून डोकावलो, तर स्वतः अण्णा. उजव्या हाताने भाता धरून डाव्याने चाचपडत होते. कपाळावर घाम.

"पुढच्या अंकात डाव्या हाताचा धडा द्यायचाय," ते म्हणाले. "कुठलं बोट कुठे ठेवायचं, मलाच येत नाही."

"चुकतंय हो, अण्णा."

"चुकू दे. त्याला मी चुकूसुद्धा दिलं नाही."

कोपऱ्यात अंकांचा गठ्ठा बांधून ठेवला होता. हसनमियाँ तो दासगावला नेणार, तिथून लाँचने मुंबईला. कोकणातली पोरं राहतात त्या वस्त्यांमधल्या दुकानांत टांगायला.

"मुंबईत पोरं काय थोडी आहेत, अण्णा?"

"पुष्कळ आहेत. चित्र बघून सगळी हसतील. एकच थांबेल."

मी धडा लिहायला पिवळा कागद पुढे ओढला. अण्णांचा डावा हात पेटीवर तसाच होता.

"मास्तर, सगळ्या महाडाची पट्टी मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "वासू गेला तेव्हा त्याचा आवाज नुकता फुटत होता. आता तो कुठल्या पट्टीत बोलतो, मला ठाऊक नाही हो."