कललेल्या बोटीवरचं जेवण

रविवारी सकाळी मॉरीनने चहाचा कप फळीवर ठेवला आणि कप चालू लागला. शांतपणे तो फळीच्या टोकापर्यंत गेला आणि क्लिफर्डच्या सपातेत पालथा झाला.

"क्लिफर्ड, ऊठ. बोट कलली आहे."

"बोट कशाला कलेल? तुझीच मान अवघडली असेल," क्लिफर्ड पांघरुणातून म्हणाला. मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि पांघरूण भिरकावलं. कालव्याचं पाणी रातोरात कंबरभर उतरलं होतं. त्यांची बोट 'लेडी बेरिल' चिखलात एका कुशीवर टेकली होती आणि दोन बदकं तिचं उघडं पडलेलं पोट न्याहाळत उभी होती.

"खालच्या लॉकची झडप उघडी राहिलीय," मॉरीन म्हणाली. "भाड्याच्या बोटीवाले! आठवडाभर येतात, कप्तानाच्या टोप्या घालून मिरवतात आणि जाताना झडप पाडून बंद करायचं विसरतात." लॉक म्हणजे कालव्याची पायरी: दोन दरवाज्यांमधल्या हौदात झडपांनी पाणी भरून-सोडून बोट वर-खाली न्यायची.

दुसरा कुठला रविवार असता तर चार शिव्या देऊन भागलं असतं. पण आज एक वाजता हेदर जेवायला येणार होती. हेदर त्यांची एकुलती एक मुलगी, राहायला दोन शेतं ओलांडून. गेल्या हिवाळ्यात क्लिफर्ड बोटीच्या छतावर बर्फावरून घसरला, तेव्हापासून तिने आपल्या घराची मागची खोली या दोघांसाठी रंगवून ठेवली होती. आज बोटीवर सगळं नीटनेटकं दिसलं तर येता हिवाळा सरून एप्रिल येईपर्यंत ती त्याबद्दल अवाक्षर काढणार नव्हती. नाहीतर सोमवारी दोघांनी सामान बांधायचं. मॉरीनला ती खोली ठाऊक होती. त्या घरात पायपुसण्यावर पाय ठेवायचीसुद्धा भीती वाटायची. अकरा वर्षं पाण्यावर काढून ती तिथे जाणार नव्हती, म्हणजे नव्हती.

काल दुपारी खालच्या लॉकमधून वर येताना हेदर मुद्दाम आली होती आणि मॉरीनला झडपा फिरवायच्या हँडलला हातसुद्धा लावू दिला नव्हता. "आई, या वयात ही कामं नकोत. तू आत बस, मी करते." मॉरीन फुगून आत बसली ती बोट इथे बांधून होईपर्यंत बाहेर आली नाही.

"तू जा," तिने आता क्लिफर्डला फर्मावलं. "खालची झडप पाड, मग वरच्या लॉकमधून पाणी सोड."

"पाणी चढायला पाच-सहा तास लागतील. जेवण पुढे ढकलू या का?"

"जेवण एक वाजता. बोट कललीय, मी नाही."

मग ती कामाला लागली. टेबलाच्या दोन पायांखाली तिने पुस्तकं सरकवली. ती कमी पडली, पण टेबल बरंच सावरलं. भिंतीवरची चित्रं प्रामाणिकपणे सरळ लोंबत होती आणि त्यामुळेच भिंती वाकड्या दिसत होत्या. मॉरीनने चिकटपट्टी घेतली आणि सगळी चित्रं भिंतींइतकीच तिरकी करून डकवली. ओव्हनमधल्या कोंबडीची चरबी एका बाजूला जमून अर्धी कोंबडी तळली गेली होती आणि अर्धी कोरडी पडली होती. तळलेली बाजू तिने हेदरसाठी राखली.

ठीक एकला हेदर आली. दारात तिचा तोल गेला.

"आई, बोट..."

"काय झालं बोटीला?"

"काही नाही," हेदर म्हणाली आणि भिंतीला धरून खुर्चीपर्यंत पोचली.

वाटाणे ताटात थांबेनात. सगळे एका कडेला गोळा होत आणि हेदर ते मुकाट्याने काट्याने परत लोटत होती. तिचं हे गप्प बसणं मॉरीनला खपेना. एरवी ही पोरगी पडद्याच्या सुरकुतीवरसुद्धा बोलायची. आता मनातल्या मनात आपलं सामान बांधत असणार!

"थोडं पाणी उतरलंय, एवढंच," मॉरीन म्हणाली. "भाड्याच्या बोटीवाल्यांची करणी. झडप पाडायची, दुसरं काय काम असतं? बदकाला शिकवलं तर बदकही करेल."

"विसरलं असेल गं कुणी."

"विसरणाऱ्यांनी घरी गालिच्यावर बसावं. पाण्यावर कशाला मरायला येतात?"

हेदर लालबुंद झाली आणि पाणी प्यायली.

तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला क्लिफर्ड आत आला. "खालच्या दरवाज्याची नाही, त्याच लॉकच्या वरच्या दरवाज्याची झडप उघडी होती, वर येताना उघडतात ती. खालचे जुने दरवाजे गळतात, तिथून सगळं पाणी गेलं. आणि हे झडपेलाच लावून ठेवलेलं." त्याने हँडल टेबलावर ठेवलं.

हँडल सावकाश घसरत निघालं. मिठाची बाटली ओलांडून ते हेदरच्या ताटापाशी येऊन थांबलं. त्याच्या मुठीला 'लेडी बेरिल'ची लाल पट्टी होती. मॉरीनने दाराजवळच्या दोन खिळ्यांकडे पाहिलं. एकावर तिचं हँडल होतं. दुसऱ्यावरचं काल हेदरने नेलं होतं; तो रिकामा.

हेदर हँडलकडे बघत राहिली. आठव्या वर्षी किटली फोडल्यावर हेदरचा चेहरा असाच झाला होता. मॉरीनला एकदम तिची माया आली, आणि खरं सांगायचं तर भयंकर आनंदही झाला.

"क्लिफर्ड, पाय धुऊन ये. हेदर, पुडिंगवर कस्टर्ड घालू?"

"घाल." हेदरने वाटी पुढे केली. "आई, त्या मागच्या खोलीत मी शिवणयंत्र मांडणार आहे."

"कधीपर्यंत?"

"एप्रिलपर्यंत तरी."

"चांगलं आहे. उजेड भरपूर येतो तिथे."

बोटीच्या तळाशी काहीतरी कुरकुरलं. पाणी चढत होतं. 'लेडी बेरिल' डुलली, चिखलातून सुटली आणि सरळ झाली. आता पुस्तकांवरचं टेबल मात्र उलट्या बाजूला कललं आणि हँडल पुन्हा निघालं, ते थेट मॉरीनच्या हाताशी आलं.

तिने ते पुसलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"बुधवारी आम्ही वरच्या लॉकमधून जाणार आहोत. येशील ना? तू झडपा उघड. पाडायला मी येते."