खुनी दंतवैद्यच आहे

"मला फक्त दोन मिनिटं माइक द्या," योमकाका म्हणाले. "सोमवारी वाचनखोलीत पाय ठेवायला जागा उरली, तर माझं नाव बदला."

व्यवस्थापक गुकसाहेबांना काकांचं नाव बदलण्यात काही रस नव्हता, पण त्या शनिवारी त्यांची अडचण होती. कोरियातल्या छोंगजू शहरातल्या त्या टेकडीबाग सोसायटीत रोजच्या सूचना वाचून दाखवणाऱ्या राताईंचा घसा पार बसला होता, आणि वाचनखोलीत नवी पुस्तकं आल्याची सूचना तर द्यायची होती. सोसायटीतल्या प्रत्येक घरात बैठकीच्या छताला एक स्पीकर होता. लिफ्ट बंद आहे, पाणी बंद आहे, ओल्या कचऱ्यात हाडं टाकू नका, बाल्कनीत सिगारेट ओढू नका, असलं सगळं त्यातून येई. त्याला बंद करायचं बटण नव्हतं की आवाज कमी करायची सोय नव्हती. सासूचं एक वेळ नाही ऐकलं तरी चालतं, स्पीकरचं ऐकावंच लागतं.

काका एवढे उतावीळ का झाले होते, ते सांगायला हवं. योमकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. रहस्यकथा आणि जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या ते अधाशासारखे वाचत. पण नुसतं वाचून माणसाचं भागत नाही. वाचलेलं कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर ते पोटात फुगतं. बायको होती तोवर ती सोय घरातच होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली आणि तीन वर्षांची मतं काकांच्या पोटात तशीच पडून होती.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. लिफ्टमध्ये त्यांनी कुणाला "परवा एक झकास खून वाचला" असं म्हटलं की ते माणूस मजल्यांचे आकडे असे निरखून बघू लागे, जणू तिथे परीक्षेचा निकाल लागतोय. पुसानला राहणारी मुलगी बोरा दर रविवारी फोन करी. काकांनी पुस्तकाचं नाव काढलं की म्हणे, "अप्पा, शेवट सांगू नका हं, मी वाचणार आहे." तिला वाचायच्या पुस्तकांना दोन जन्म पुरले नसते. उरल्या वाचनखोलीच्या हामबाई. त्या काकांनी तोंड उघडलं की मागच्या "शांतता राखा" या पाटीकडे बोट दाखवत.

तेव्हा काकांचा हिशोब सरळ होता. सोसायटी वाचायला लागली, तर हजार माणसांत निदान एक तरी असं निघेल की ज्याच्याशी खुनी कोण यावरून भांडता येईल.

राताईंनी घोगऱ्या आवाजात समजावलं. "काका, आधी हिरवं बटण. टिंग-टाँग वाजतं. मग लाल. बोला. झालं की लाल पुन्हा दाबा. शेवटी हिरवं."

"अहो, धरणाचे दरवाजे उघडलेत मी," काका म्हणाले. "हे काय दोन बटणांचं काम."

राताई घसा दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या. काकांनी हिरवं दाबलं, लाल दाबलं आणि घसा खाकरून सूचना वाचली. छान वाचली. वाचनखोलीत नव्या रहस्यकथा आणि अद्भुत कादंबऱ्या आल्या आहेत, रहिवाशांनी लाभ घ्यावा. मग त्यांनी ऐटीत हिरवं बटण दाबलं. टिंग-टाँग झालं. संपलं, असं काकांना वाटलं.

लाल दिवा मात्र तसाच चालू राहिला. त्याच्यापुढे गुकसाहेबांनी नेमका कॉफीचा कप आणून ठेवला.

गुकसाहेब स्वभावाने भिडस्त. वडीलधारा माणूस आपल्या कार्यालयात आला, काम करून दिलं, आता त्याला नुसती कॉफी पाजून कसं चालेल, काहीतरी विचारायला हवं, म्हणून त्यांनी आपलं विचारलं, "काका, खरं सांगा, चांगली असतात का हो ही पुस्तकं?"

तीन वर्षांत हा प्रश्न काकांना कुणी पहिल्यांदाच विचारला होता. त्यांचा हात कपावर थबकला. डोळे थोडे ओलसर झाले असावेत, पण ते कॉफीच्या वाफेनेही होतात.

"खरं सांगू?" काकांनी खुर्ची पुढे ओढली. "खोटं नाही बोलणार. 'मीठघरातला मृत्यू' वाचलंत? नका वाचू. म्हणजे वाचा. पण खुनी दंतवैद्य आहे."

"असं का," गुकसाहेब म्हणाले.

"अहो, माणूस समुद्राकाठी मिठागरं बघायला येतो, चार दिवस राहतो आणि एक फोटो काढत नाही? हल्ली भाताची वाटी दिसली तरी लोक फोटो काढतात. तिथेच मी ओळखलं. विधवा बाईवर संशय येईल असं लेखकाने केलंय, पण ती बिचारी प्रत्येक प्रकरणात चहा करते. जी बाई एवढा चहा करते तिला खून करायला वेळ कुठला? दंतवैद्यच. लिहून घ्या."

गुकसाहेबांच्या खिशात मोबाइल थरथरला. वडीलधारी व्यक्ती बोलत असताना फोन घ्यायचा नसतो, हे त्यांना आईने शिकवलं होतं. त्यांनी तो न बघता टेबलावर उलटा घातला. टेबलावरचा फोनही वाजायला लागला. त्यांनी हळूच रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला, म्हणजे काकांच्या बोलण्यात व्यत्यय नको. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

खुद्द कार्यालयात स्पीकर नव्हता. अख्ख्या सोसायटीत काकांचा आवाज न ऐकू येणारी खोली तेवढी एकच होती.

"आणि ते 'तांब्याच्या डोंगराचा वारस'," काका आता रंगात आले. "अकरा खंड! नायक चौथ्या खंडात मरतो. पाचव्यात उठून बसतो. सहाव्यात पुन्हा मरतो. अहो, मरणाला काही किंमत आहे की नाही? आणि अकरा खंडांत तो एकदाही जेवत नाही. नुसती तलवार. बरं, तिसऱ्या खंडाच्या पानापानाला तिळाचं तेल लागलंय. कुणीतरी किंबापच्या भाताच्या गुंडाळ्या खात खात वाचलंय. कुणी ते मला ठाऊक आहे. महिला मंडळाच्या अध्यक्ष. मेंगबाईंच्या किंबापला इतकं तेल असतं की पुस्तक हातातून निसटतं."

बाहेर तिसऱ्या इमारतीत मेंगबाई सुनेबरोबर किमचीच्या लोणच्यासाठी कोबी मिठात घालत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. सुनेने मान खाली घालून कोबीकडे पाहिलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

"मग त्या अकरा खंडांत चांगलं काहीच नाही का?" गुकसाहेबांनी विचारलं. खरं तर त्यांना घड्याळ बघायचं होतं.

काकांची कॉफी गार झाली होती, त्यांनी ती तशीच प्यायली.

"ड्रॅगन चांगला आहे," ते हळू म्हणाले. "सातव्या खंडात आहे. तीनशे वर्षं गुहेत एकटा. नायक चुकून आत जातो तर तो ड्रॅगन त्याला खात नाही. बोलत बसतो. चाळीस पानं बोलतो. ढगांबद्दल, दगडांबद्दल, पायाच्या दुखण्याबद्दल. हामबाई म्हणाल्या, सगळे लोक ती पानं उलटून पुढे जातात. मी नाही गेलो. मी दोनदा वाचली. तीनशे वर्षं गप्प बसलेला प्राणी, समोर कुणी आलं तर बोलणार नाही तर काय करेल? त्या लेखकाला बाकी काही येत नाही, पण त्याच्या घरात कुणी नाही एवढं मला कळलं."

गुकसाहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

"बोराची आई होती ना," काका म्हणाले, "तिला खुनी तिसऱ्या प्रकरणात कळायचा. सांगायची नाही. नुसती हसायची. इतका राग यायचा मला. आता खुनी मला कळतो, आणि न सांगायला घरात कुणी नाही."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मेंगबाई आल्या होत्या, कोपरापर्यंत गुलाबी रबरी मोजे, त्यावरून मिठाचं पाणी ठिबकतंय. त्या काकांकडे बघत उभ्या राहिल्या. भांडायलाच आल्या होत्या, पण वाटेत घराघरांतल्या स्पीकरमधून काहीतरी ऐकलं होतं, त्यामुळे पट्टी सापडेना.

"लाल दिवा," त्या शेवटी म्हणाल्या. "चालू आहे. पंधरा इमारती ऐकतायत."

गुकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी दिव्याकडे पाहिलं, मग बटणाकडे, मग आपल्या हातांकडे.

"आणि बंद करायच्या आधी," मेंगबाई म्हणाल्या, "तो सहाव्यात मरतो तो सातव्यात परत उठतो का, तेवढं सांगा. मी पाचव्यावर आहे."

"उठतो," काका म्हणाले. हेही पंधरा इमारतींनी ऐकलं. मग त्यांनी लाल बटण दाबलं.

काका घरी जिन्याने गेले, लिफ्टमध्ये कुणी भेटू नये म्हणून. नऊ मजले. धाप लागली, पण धाप परवडली. घरात शिरल्यावर त्यांनी छताच्या स्पीकरकडे पाहिलं. स्पीकर गप्प होता. ढगांबद्दल नि पायाच्या दुखण्याबद्दल बोलणाऱ्या त्या ड्रॅगनला निदान गुहा तरी होती, काकांच्या गुहेला पंधरा इमारतींची भोकं पडली होती. आता या सोसायटीत तोंड दाखवायची सोय नाही, बोराकडे पुसानला जावं, तिथे मासे धरावेत, असं सगळं त्यांनी बुटांचे बंद सोडता सोडता ठरवून टाकलं.

दुपारी घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचे धावायला जाणारे गृहस्थ, तसेच धावायच्या कपड्यांत.

"काका, दंतवैद्य नाही हो," ते म्हणाले. "हामबाईंनी शेवटचं पान काढून बघितलं. सगळ्या सोसायटीला सांगत सुटल्यात." आणि ते धावत गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांनी ती कुणालाच सांगितली नव्हती, स्पीकरलासुद्धा नाही. शेवटचं प्रकरण त्यांनी वाचलंच नव्हतं. नुसतं 'मीठघरातला मृत्यू'चं नव्हे, तीन वर्षांतल्या एकाही रहस्यकथेचं नाही. घरचा रिवाज तसा होता. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं, दोघांनी आपापला खुनी सांगायचा, हरेल त्याने नासपती सोलायची, आणि मग ते प्रकरण मोठ्याने वाचायचं. नासपती नेहमी काकाच सोलत. आता एकट्याने हरायचं तरी कुणाकडून? म्हणून काका शेवटच्या प्रकरणाशी खूण घालून पुस्तक परत करत, आणि आपणच बरोबर आहोत असं मानून चालत.

पुन्हा घंटा. कुत्रा कडेवर घेतलेली एक तरुणी. "आजोबा, ते दंतवैद्य नाही म्हणे." कुत्र्यालाही ते पटलेलं दिसलं. मग सुनेच्या हाती मेंगबाईंचा निरोप, सोबत किंबापचा डबा, तेल जरा जास्तच. मग सातव्या इमारतीतलं एक जोडपं, ज्यांना काकांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

प्रत्येक वेळी काका घाईघाईने पाहुण्यांच्या सपाता उंबऱ्याशी मांडत. आणि प्रत्येक जण बूट न काढता, दारातूनच बोलून जाई. लोक चांगले होते. हसून बोलत होते. पण दारात उभं राहून सांगायला एक वाक्य पुरतं, आणि एक वाक्य संपलं की माणूस जातं.

"थांबा," शेवटी काकांनी त्या जोडप्याला म्हटलं. "मग खुनी कोण ते... इथे नको. आत येऊन सांगा."

"पुन्हा कधीतरी, काका," नवरा म्हणाला. लिफ्ट आली होती.

काकांनी सपाता उचलल्या. बायकोच्या, योनहीच्या, हिरव्या सपाता तिथे कोपऱ्यात होत्या, त्या त्यांनी कधी उचलल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी एक नासपती काढली, सोलली, आणि मग हरलो हे सांगायला कुणी नाही म्हणून ती बशीत नुसती ठेवली. तुम्ही कुणी हसाल, पण माणसाला हरायलासुद्धा सोबत लागते.

संध्याकाळी पुन्हा घंटा वाजली. आता या वेळी सपाता मांडायच्या नाहीत, असं ठरवून काकांनी दार उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरच्या उम आजी होत्या. कमरेत वाकलेल्या, कानाने अधू, हातात टॉयलेट पेपरचा एवढा मोठा गठ्ठा की त्यामागून फक्त पांढरे केस दिसत होते. नव्या घराला भेट म्हणून नेतात तसला गठ्ठा, गुलाबी फीत बांधलेला.

काकांना काही कळेना. तोवर आजींनी गठ्ठा त्यांच्या हातात दिला, भिंतीला धरून आपले बूट काढले, एकाशेजारी एक नीट लावले, समोर दिसल्या त्या हिरव्या सपाता पायात सरकवल्या आणि सरळ बैठकीत जाऊन बसल्या. काका गठ्ठा छातीशी धरून तसेच उभे राहिले.

"दुपारपासून बघते," आजी म्हणाल्या. "लोक सारखे वर येतायत, जातायत. सुनेला म्हटलं, वर कुणीतरी नवीन राहायला आलेलं दिसतंय, रिकाम्या हाताने कसं जायचं?" त्यांनी बशीतली नासपतीची फोड उचलली. "गोड आहे. एकटेच का?"

"हो," काका म्हणाले.

"बरं झालं आलात. वर कुणी राहतच नाही असं वाटायचं. कधी आलात?"

योमकाका त्या घरात अकरा वर्षं राहत होते. त्यांनी आजींच्या पायांतल्या सपातांकडे पाहिलं, मग दाराशी लावलेल्या त्या छोट्या बुटांकडे.

"आजच," ते म्हणाले.

"हं? मोठ्याने बोला हो, मला ऐकू येत नाही."

काकांनी एकदा छताच्या स्पीकरकडे पाहून घेतलं.

"आजच!" ते ओरडले. "तुम्ही रहस्यकथा वाचता का?"