रातचा पिक्चर आणि कारंज्याचं पाणी

“पडद्याला ठिगळ हाय, माय-बाप हो, गोष्टीला न्हाई! बसून बघा, निजून बघा, पर बघा!”

निलंग्याच्या यात्रेत तंबूच्या दारात उभा राहून एक माणूस असं ओरडायचा. शिवमूर्ती तेव्हा वडिलांच्या खांद्यावर होता. तंबू कधीच उठला, ओरडणारा माणूसही गेला असेल. पण त्याचा आवाज शिवमूर्तीच्या कानात चिमणीसारखा घरटं करून राहिला. पुढे शिवमूर्तीने कासारबेटात वडिलांचं भांड्यांचं दुकान चालवलं, महानंदाशी लग्न केलं, डोक्यावरचे केस घालवले. आणि पन्नाशी उलटल्यावर एक दिवस तो केबलवाल्या वीरण्णाकडे जाऊन म्हणाला, “रात्री तुझ्या चॅनलवर नुसत्या मुंग्या दिसतात. त्या जागी जुने पिक्चर लाव. आधी मी येऊन गोष्ट सांगतो.”

असा ‘रातचा पिक्चर’ सुरू झाला. थेटरात आठवडाभरही न टिकलेले, गावाने विसरलेले सिनेमे त्यात लागत. भुतांचे, दरोडेखोरांचे, एक तर रबराच्या मगरीचा. शिवमूर्ती सुरुवातीला येई, मध्यंतराला पुन्हा येई, आणि जात्यावरच्या ओव्यांसारखं हेल काढून बोले. हे रात्रीचं बोलणं तो भर दुपारी रेकॉर्ड करी, कारण रात्री विजेचा भरवसा नव्हता. वीरण्णाच्या ऑफिसच्या खिडक्यांना गोणपाट लावलेलं, आत घामाच्या धारा, आणि शिवमूर्ती म्हणतोय, “बाहेर कसं टिपूर चांदणं पडलंय बघा!”

घरात मात्र हा माणूस मुका. ‘मीठ दे’ आणि ‘येतो’ एवढ्यावर त्याचा संसार चालला होता. पिक्चर लागला की तो वीरण्णाच्या ऑफिसात जाऊन फोनजवळ बसे, कोणी बघणारा फोन करील म्हणून. फोन कधी वाजला नाही. घरी परतला की महानंदा भिंतीकडे तोंड करून झोपलेली असे. टीव्ही हाताला कोमट लागे. पण उन्हाळाच तसा होता.

“अण्णा, हात जोडून सांगतो,” वीरण्णा एकदा म्हणाला, “ह्या महिन्यानंतर बंद करू. ताईत विकणारा एक बाबा ती जागा मागून राहिला. तुमचं कोणी बघतच न्हाई.”

“बघत असतील की.”

“एक माणूस दाखवा.”

शिवमूर्तीने गावभर विचारलं. कासारबेट पडलं मास्तरांचं आणि व्यापाऱ्यांचं गाव. रबराची मगर बघतो असं चारचौघांत कोण सांगणार? जो तो म्हणे, “आम्ही बा कीर्तन लावतो.” शेवटी त्याने धीर करून महानंदालाही विचारलं, “तू बघतीस का गं?”

“मला सकाळी उठायचं असतं,” ती म्हणाली, आणि पिठाचा डबा उघडून त्यात बघत राहिली.

त्या वर्षी दुष्काळ होता. कासारबेट दोन गोष्टींची वाट बघत होतं, पाण्याची आणि नव्या जिल्ह्याची. नळ पंधरवड्याने येई, तोही न सांगता, बहुतेक रात्रीचा. त्यामुळे सगळं गाव एक कान नळाला लावून झोपायचं. जिल्ह्याचं म्हणाल, तर लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून गावाला वाटत होतं की आता आपली पाळी. अजून तालुकासुद्धा व्हायचं राहिलं होतं, पण ही अडचण कोणी मोठी मानत नव्हतं. आणि आता खरोखरच पाहणीला एक समिती येणार होती. नगराध्यक्ष माधवरावांनी चौकात कारंजं बांधलं आणि पाणी सोडणाऱ्या बसलिंगप्पाला बजावलं, “टाकीला बिलकुल हात लावायचा न्हाई. समितीपुढं कारंजं छातीइतकं उडालं पाहिजे.”

समिती यायची त्याच आठवड्यात नेमका शिवमूर्तीने एका शापित विहिरीचा पिक्चर निवडला. कोरड्या विहिरीला मध्यरात्री पाणी फुटतं आणि सगळं गाव घागरी घेऊन धावतं, अशी गोष्ट. कार्यक्रमाचे थोडेच दिवस उरलेत म्हणून त्याने मध्यंतराच्या बोलण्यात जीव ओतला. गोष्ट सांगायचीच राहिली. तो खुर्चीतून उठला, कानाला हात लावला आणि स्वतः रचलेली ओवी म्हणाला,

“पाणी आलं गं सये बाई, झुळझुळ वाजे कानी
ऊठ, घागर घे उशाची, नीज उद्याला गं राणी!”

आणि मग कॅमेऱ्यात बोट दाखवून गरजला, “उठा! झोपता काय? पाणी आलंय!”

रात्री हे प्रक्षेपित झालं आणि कासारबेटाचे सगळे दरवाजे एकदम उघडले.

कोणी कोणाला विचारलं नाही. हंडे, कळशा, पातेली, पाळण्याखालची बादली, हाताला लागेल ते घेऊन लोक नळांवर धावले. रांगा लागल्या, रांगांत भांडणं लागली. नळ मात्र नुसतेच फुसफुसत होते. “वरच्या गल्लीनं ओढून घेतलं,” असं खालची गल्ली म्हणू लागली. वरची गल्ली म्हणाली, “तुमच्याकडंच गेलं असंल.” शेवटी दोन्ही गल्ल्या रिकाम्या घागरी वाजवत बसलिंगप्पाच्या दाराशी गेल्या. तिथे बसलिंगप्पा नव्हताच. तोही टीव्हीपुढे पडला होता. शिवमूर्तीचं बोट आपल्यावरच रोखलेलं पाहून त्याला वाटलं, साहेबांनी पाणी सोडायचा हुकूम टीव्हीवरून दिला आणि आपण लोळत पडलो. तो लुंगीवरच चावी घेऊन टाकीकडे पळाला होता.

आणि मग पाणी खरंच आलं. असं आलं की म्हाताऱ्या उमाबाईंनी पहिल्या धारेला हळदकुंकू वाहिलं. कोणी मोटार लावली नाही की कोणी कोणाचा हंडा सरकवला नाही. उजाडेपर्यंत गावातली वाटीन् वाटी भरली आणि टाकीच्या तळाला एक बेडूक उघडा पडला.

सकाळी माधवराव वीरण्णाच्या ऑफिसात आले. मागोमाग गावही आलं.

“माझं कारंजं कुठाय?” माधवराव म्हणाले.

“घागरीत हाय साहेब,” बसलिंगप्पा मान खाली घालून म्हणाला.

“तुला कोणी सांगितलं सोडायला?”

बसलिंगप्पाने शिवमूर्तीकडे बोट केलं. शिवमूर्तीच्या तोंडून शब्द फुटेना. कॅमेरा नव्हता ना समोर!

“न्हाई तर काय,” मागून कोणीतरी पुटपुटलं, “ह्यांचं हंड्यांचं दुकान हाय. धंद्यासाठीच केलं असंल.”

“ते मी बघतो,” माधवराव म्हणाले. “आधी मला सांगा, काल रात्री हा पिक्चर कोणकोण बघत होतं? बघणाऱ्यांनी समितीचं पाणी पळवलं. एकेकाचा नळ तोडतो.”

सगळे छताकडे बघू लागले.

“आम्ही झोपलो होतो,” अनंतराव मास्तर म्हणाले.

“मी जप करत होते,” उमाबाई म्हणाल्या.

“मग तुमचा रांजण कसा भरला?”

“देवाच्या कृपेनं.”

असं सगळं गाव झोपलेलं निघालं, आणि सगळ्यांच्या घागरी देवाच्या कृपेने भरलेल्या. वीरण्णाने सुस्कारा सोडला. “बघा शिवमूर्तीअण्णा. गाव गोळा झालंय अन् त्यात तुमचा बघणारा एक न्हाई. मी आजच त्या बाबाला सांगावा धाडतो.”

शिवमूर्तीने मान हलवली. गोणपाट सोडवून घ्यायला तो खिडकीकडे वळला.

“मी बघते,” दारातून आवाज आला.

महानंदा उभी होती. पदर नीट घेतलेला.

“काय बघता वैनी?” माधवरावांनी विचारलं.

“रातचा पिक्चर. अगदी पहिल्यापास्नं. मगरीचा दोनदा बघितला.”

“जरा विचार करून बोला. नळ तुटंल.”

“तोडा की! पंधरवड्यानं येणाऱ्या नळाचं काय एवढं कवतिक? पिक्चर रोज येतोय.”

मग उमाबाई खाकरल्या. “मगर मलाबी आवडली. शेवटाला मेली बिचारी.”

“मेली न्हाई, बेशुद्ध पडली,” अनंतराव मास्तर तावातावाने म्हणाले आणि जीभ चावली. “म्हणजे, मी आपला चिकित्सक दृष्टीनं बघतो.”

“मीबी,” बसलिंगप्पा म्हणाला. त्याच्यामागे एकेक हात वर होऊ लागला. माधवराव बघत राहिले. इतके नळ तोडले तर गावात नळच उरणार नव्हता, आणि बिननळाच्या गावाला जिल्हा कोण करील? ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “समितीला सांगू, कारंजं रंगवायला काढलंय.” वीरण्णाने फोन लावला, “बाबा, जागा भरली हो,” एवढं बोलून ठेवूनही दिला.

शिवमूर्ती गर्दीतून वाट काढत महानंदापाशी आला. किती दिवसांनी तो तिच्याकडे असा बघत होता, त्याचं त्यालाच कळेना.

“एकदाबी बोलली न्हाईस.”

“बोलले असते तर तुम्ही टीव्हीवरबी लाजला असता. मग गोष्ट कोणी सांगितली असती?” ती जमिनीकडे बघत होती. मग मान वर केली. “दिवसभर मी वाढते अन् सगळे जेवतात. रात्री तेवढं तुम्ही वाढता, अन् मी निवांत बसून जेवते.”