सरांची पहिली टाळी

"माझी मुलं? भिंती बोलतील, पण ती बोलणार नाहीत!" शाळेत संगीत शिकवणाऱ्या सरांनी छातीठोकपणे सांगितलं.

वाद्यवृंदाचे संचालक हसले नाहीत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेच्या मुलांनी कार्यक्रमाच्या ऐन संथ भागात टाळ्यांचा कडकडाट केला होता. "एक आवाज झाला, तर यापुढे शाळांना आमंत्रण बंद," ते म्हणाले.

सरांनी महिनाभर चाळीस मुलांकडून गप्प बसण्याचा सराव करून घेतला. बोलायचं नाही. शेजाऱ्याला हात लावायचा नाही. "आणि संगीत मध्ये थांबतं, पण संपलेलं नसतं! माझी टाळी पडेपर्यंत कुणाचाही तळवा हलता कामा नये."

"सर, तुम्ही ऐकताना डोळे का मिटता?" चिमणीने विचारलं. वर्गातली सर्वांत लहान, म्हणून ती चिमणी.

"जाणकार डोळे मिटूनच ऐकतात, बाळ."

कार्यक्रमाला मुलं पहिल्या दोन रांगांत बसली. ट्रम्पेट गरजले, ढोल धडधडले, मुलं जागची हलली नाहीत. सरांचा ऊर भरून आला. शेवटचा भाग संथ होता. व्हायोलिनसारखेच पण मोठे, खर्जातले चेलो असे वाजू लागले, जणू कुणी पाठ थोपटतंय. सरांनी जाणकारासारखे डोळे मिटले.

सूर विरत विरत संपले. संचालकांनी हात खाली घेतले.

टाळी नाही!

मुलं सरांकडे बघत होती. मागचे लोक मुलांकडे बघत होते. एवढी शिकवून आणलेली मुलं गप्प, म्हणजे अजून काहीतरी बाकी असणार! अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं. व्हायोलिनवाल्या बाई हळूच पानं उलटून पाहू लागल्या, आपलंच एखादं पान वाजवायचं राहिलं की काय! संचालकांना दरदरून घाम फुटला.

आणि त्या गंभीर शांततेत एक लांबलचक घोरणं उमटलं.

स्वतःच्याच आवाजाने सर दचकून जागे झाले आणि त्यांनी टाळी वाजवली. चाळीस मुलं टाळ्या वाजवत सुटली, पाठोपाठ सारं सभागृह!

नंतर सर मान खाली घालून संचालकांपुढे उभे राहिले.

"एक आवाज झाला," संचालक म्हणाले.

"हो."

"मुलांचा नव्हता. असं ऐकणारं कुणी मला आजवर भेटलं नाही. पुढच्या वर्षी त्यांना नक्की पाठवा."

"आणि मी?"

"तुम्ही बाहेर थांबा."

सरांचा चेहरा एवढासा झाला. चिमणीने त्यांचं बोट धरलं.

"काळजी करू नका, सर. संपलं की मी तुम्हाला उठवायला येईन."