गवतदरवाज्याच्या म्हाकाईच्या गळ्याची हकीकत

श्री. ज्याने कोकिळेस कंठ दिला आणि टिटवीच्या वेळीही हात आखडता न घेता काहीतरी दिलेच, त्या कर्त्यास दंडवत करून लिहिणार लिहितो, ऐकणारांनी पाय पसरून ऐकावे. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव कागदाच्या ज्या कोपऱ्यात होते तो कोपरा वाळवीने नेला, म्हणोन देता येत नाही. परंतु राज्य होते, राज्यास गड होता आणि गडास चार दरवाजे होते, यात संशय नाही.

हा गड बांधिला तो थोरल्या महाराजांनी, आणि थोरले महाराज मोठे संशयी. त्यांणी विचार केला की, पोशाख चोरिता येतो, शिक्का खोटा करिता येतो, परवलीचा शब्द ताडीच्या दुसऱ्या पेल्यास बाहेर पडतो, परंतु माणसाचा गळा काढून दुसऱ्यास बसविता येत नाही. मग त्यांणी शिरस्ता घातला की, चहूं दरवाज्यांखाली एकेक गाणारा वस्तीस ठेवावा, त्याने रोज पहाटे भूपाळी म्हणावी म्हणजे वरल्या पहारेकऱ्यांचे कान त्या गळ्यास सरावतील, आणि सूर्य मावळोन दरवाजा बंद जाहला म्हणजे मग ज्याचा त्याचा गाणारा खाली उभा राहून गाईल तरच अडसर काढावा, एरवी काढू नये, आम्ही जातीने आलो तरी काढू नये. आणि नक्कल होऊ नये म्हणोन गळे शोधिले तेही असे की दुसरा सापडणे नाही. पुढे ते गाणारे गेले, त्यांचे जागी तसलेच दुसरे शोधिले, आणि आमचे हकीकतीचे समयी जे होते ते येणेप्रमाणे. महादरवाज्याचे गोपजीबुवा सगळे गाणे नाकातून गात, तोंड उघडीत ते केवळ रीत म्हणोन. पाणदरवाज्याचा रामा गुरव गाऊ लागला म्हणजे आवाजास मध्येच तडा जाऊन दोन होत, आणि बापलेक भांडत आहेत असे वाटे. बाजारदरवाज्याचे शेख बुऱ्हान यांचा आवाज एवढा खोल की तो आधी तळपायास कळे आणि मग कानास. आणि चौथा गवतदरवाजा, चहूंत धाकटा, जेथोन गवताचे भारे येत, तेथे म्हाकाई. म्हाकाई दिवसा गवत विकी आणि पहाटे गाई. तिचा गळा म्हणजे नुकती टाकी लाविलेले जाते कोरडेच फिरवावे तैसा, आणि त्या खरखरीच्या पोटात कोठेसा मधाचा एक थेंब, तो कधी सापडे, कधी न सापडे, म्हणोन ऐकणारे रोज येत. रयतेत चार तट पडिले होते, ज्याचा त्याचा गाणारा ज्याला त्याला प्यारा, आणि सोयरीक जुळविताना पत्रिकेआधी विचारीत की, मुलाकडले कोणत्या दरवाज्याचे. मात्र शिरस्ता कशास घातला होता हे सारे विसरले. कारण लोक दिवेलागणीचे आत घरी येत, वीस वर्षांत उशिरा कोणी आलाच नाही.

आता गायनखान्याचे दारोगे केसोपंत. वय साठ, कान अतिशय शुद्ध, सतारीची तार केसभर उतरली तरी त्यांचे जेवण बिघडे. ऐसे असोन पंत बावीस वर्षे रोज पहाटे गवतदरवाज्यास जात, म्हाकाईची भूपाळी अथपासोन इतिपर्यंत ऐकत, आणि कोणी पुसिले तर म्हणत की, घोड्यास कोवळे गवत पाहावयास आलो. पंतांस घोडे नव्हते. ही गोष्ट साऱ्या गडास ठाऊक होती. साऱ्या गडास ठाऊक आहे, हे मात्र पंतांस ठाऊक नव्हते.

ऐसे सुखात चालले असता शेजारच्या दरबारचे वकील मुक्कामास आले, आणि पहाटे चहूंकडोन भूपाळी उठली तेव्हा धावत बाहेर येऊन म्हणाले, "कोणास काय दुखते आहे?" तत्समयी गादीवर होते त्या महाराजांस हे फार लागले. मग त्यांणी दूर देशीहून कोमलाचार्य म्हणोन स्वरवैद्य होते त्यांस पालखी पाठवून आणविले. आचार्यांची परीक्षा अशी की, गाणाऱ्याचे पुढे साय आलेल्या दुधाची वाटी ठेवावी, आणि गाताना सायीस सुरकुती पडली तर गळा दूषित जाणावा. तिघांचे गाण्याने सायीस सुरकुत्या पडल्या. म्हाकाई गाऊ लागली तेव्हा साय फाटली, आणि दुधाचे आशेने मांजर आले होते तेही निघोन गेले. मग हुकूम जाहला की, मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत चौघांचे गळे मऊ करावे, जो न करील त्यास खण-नारळ, पागोटे जे काय असेल ते देऊन मानाने सरहद्दीपार घालवावे, आणि हे काम केसोपंतांनी जातीने पाहावे, त्यात लबाडी जाहल्यास दारोगेपण जाईल.

पंतांनी आचार्यांचे सांगण्यावरोन तिघांस मौन, ज्येष्ठमध आणि कोमट तूप सुरू करविले आणि चौथीकडे पाय ओढीत गेले. म्हाकाई भारे बांधीत होती. म्हणाली, "बसा पंत. घोडं कसं हाय?"

"बरे आहे."

"अजून जल्मायचं हाय, तवा बरंच असंल."

पंतांनी ते ऐकिलेच नाही असे करून हुकूम वाचून दाखविला, आणि म्हणाले, "दीड महिन्यात तुझा गळा लोण्यासारखा होईल."

"आन् मग म्या कुठं जायाचं?"

"कोठे जायाचे नाही. येथेच राहशील."

"गळा गेल्यावर म्या कशी ऱ्हाईन? वर पहाऱ्याला दमाजी नाईक बसलाय, त्यो वीस वर्सं मला गळ्यावरनं वळखतो. माझं त्वांड त्यानं धड बघितल्यालं न्हाई, आन् बघून त्याला काय घावणार हाय?" आणि भाऱ्यावर गुडघा देऊन गाठ आवळीत म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. तुमास्नी माझा आवाज आवडतो का न्हाई, तेवढं सांगा."

"मी दारोगा आहे," पंत म्हणाले, "दारोग्यास असे पुसू नये."

"बरं," म्हाकाई म्हणाली, आणि हसली, आणि ते हसणेही गळ्यासारखेच होते.

पंत घरी आले आणि दोन दिवस सतारीच्या तारा उतरवीत आणि चढवीत बसले. ही सरहद्दीपार गेली तर पहाटे उठावयाचे कशास, हा एकच प्रश्न त्यांचे मनात होता. मग तिसरे दिवशी, चाळीस वर्षांचे चाकरीत जे केले नव्हते ते त्यांणी केले, म्हणजे हुजुरास खोटे लिहिले. लिहिले की, म्हाकाईचे गळ्यात खरखर फार साठली आहे, मौनाने ती आतच राहील, याकरिता ती गाऊनच बाहेर काढावी लागते, पुरती निघाली म्हणजे खालचा मऊ आवाज आपोआप हाती येईल. उपाय चालू आहे, गुण येत आहे. महाराजांनी आचार्यांस पुसिले, असे असते काय? आचार्यांस ठाऊक नव्हते, परंतु ठाऊक नाही असे म्हणावयाची त्यांस सवय नव्हती. म्हणोन ते म्हणाले, असते, शास्त्रात आहे. मग तिघे मौनात तूप पीत राहिले आणि म्हाकाई रोज पहाटे गात राहिली.

पुढे चंपाषष्ठीस महाराज खंडोबाचे दर्शनास पाच कोसांवर गेले. समागमे वकील, आचार्य, केसोपंत आणि बरे जाहलेले तिघे गवई, की देवापुढे पहिली हजेरी व्हावी. देवळात नैवेद्यास वांग्याचे भरीत होते आणि ते फार चांगले जाहले होते. महाराजांनी दोनदा घेतले, आणि तिसऱ्यांदा घ्यावे की नाही याचा विचार करण्यात जो वेळ गेला त्यात सूर्य मावळला. स्वारी महादरवाज्याखाली आली तो दरवाजा बंद, वारा सुटलेला, आणि वर तटावर दमाजी नाईक, चहूं दरवाज्यांचा पहारा ज्याचेकडे तो, मशाल घेऊन उभा.

हुजऱ्याने हाक दिली, "दार उघडा, महाराज आले."

"येऊ द्यात," नाईक म्हणाला, "गाणं म्हणा."

तेव्हा साऱ्यांस शिरस्ता आठवला. गोपजीबुवा पुढे होऊन गाऊ लागले, आणि असे गाऊ लागले की साय असती तर हललीही नसती. नाईकाने सारे ऐकोन घेतले. म्हणाला, "ग्वाड हाय. पर ह्यो आमचा बुवा न्हवं. आमच्या बुवाचं नाक कुठाय?"

"नाईक, मीच तो," बुवा म्हणाले. "माझा आवाज बरा झाला आहे."

"आजारी कवा हुता?"

बुवांनी आपले नाक चाचपून पाहिले. मग स्वारी तटाखालून पाणदरवाज्यास गेली, वरोन नाईकही मशाल घेऊन बरोबर चालत गेला, आणि रामा गुरव गाऊ लागला. नाईक म्हणाला, "मघाचाच माणूस हाय." तेथोन बाजारदरवाज्यास गेले, शेख बुऱ्हान गाइले, आणि नाईक मागे वळोन म्हणाला, "तिसऱ्यांदा त्योच आला. डाव पक्का दिसतोय. दगुड आणून ठिवा रं." आचार्य म्हणाले, हा अडाणी आहे, आम्ही स्वतः गाऊन पाहतो, आणि गाइले. वरोन आवाज आला, "चवथ्यांदा." आणि खरेच होते, तिघांचे गळे आचार्यांनी आपल्याच गळ्याचे मापाने बेतले होते, त्यांस दुसरे माप ठाऊक नव्हते.

मग महाराज स्वतः पुढे जाहले. "नाईक, आम्ही आहो."

"आसाल," नाईक अदबीने म्हणाला. "थोरल्या म्हाराजांनी सोताचंच नाव घिऊन सांगितलंय, म्हाराज आलं तरी उघडू नका म्हणून. आता तुमी म्हाराज असाल तर तुमास्नी ह्ये पटलं पायजे, आन् नसाल तर मग बोलायचंच ऱ्हायलं न्हाई."

महाराजांस ते पटले, आणि पटल्याने थंडी अधिकच वाजू लागली. वकिलांस शिंका सुरू जाहल्या. केसोपंत पालखीमागे उभे होते. बोलावे तर दारोगेपण जाते, न बोलावे तर दारोगेपण राहते, परंतु पौर्णिमेस म्हाकाई जाते. हा हिशेब त्यांस दोन दिवस लागेल असे वाटले होते, तो दोन शिंकांत सुटला. पुढे येऊन म्हणाले, "महाराज, गवतदरवाज्याची म्हाकाई आहे. तिचा गळा होता तैसाच आहे. तिजवर उपाय म्हणोन काही केलाच नाही."

"तुम्ही तर लिहिले होते की गुण येत आहे."

"जी. गुण होताच, तो काढिला नाही."

महाराज गवतदरवाज्याकडे चालू लागले. म्हाकाई दरवाज्याबाहेरल्या आपल्या खोपटात भाकरी करीत होती. हुजऱ्याने हुकूम सांगितला तेव्हा म्हणाली, "तव्यावर हाय, करपंल." मग राज्याचे धनी एक भाकरी उलटावी आणि फुगावी एवढा वेळ खोपटाबाहेर उभे राहिले, आणि म्हाकाई पिठाचे हात लुगड्यास पुशीत बाहेर आली, आणि दरवाज्याखाली उभी राहून गाऊ लागली. दोन अक्षरे जाहली न जाहली तो आत अडसर सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडले. परंतु म्हाकाईस सुरू केलेले अर्धे टाकावयाची रीत ठाऊक नव्हती, ती गातच राहिली. दार उघडे असोन कोणी आत जाईना. दरवाजा धाकटा, महाराज त्यात वाकून उभे ते वाकलेलेच राहिले. वारा त्या गळ्यास खरवडून जात होता की गळा वाऱ्यास, हे कळेना, आणि शेवटचे ओळीस तो मधाचा थेंब सापडला, आणि केसोपंतांनी डोळे मिटले ते पुष्कळ लोकांनी पाहिले. गाणे संपले तेव्हा वकिलांच्या शिंका थांबल्या होत्या. ते हळूच नाईकास म्हणाले, "दार पुन्हा लावता येईल काय?"

दुसरे दिवशी दरबार भरला. आचार्यांस शालजोडी दिली आणि सांगितले की, केले तेवढे उलटे करून द्यावे, मग जावे. तेव्हापासोन तिघे आंबट ताक पिऊन म्हशींवर ओरडू लागले. शेख बुऱ्हान शिमग्यापर्यंत तळपायास ऐकू येऊ लागले. गुरवाचे आवाजातला बाप आधी परत आला, लेक आषाढात आला. बुवांस एक चांगले पडसे जाहले आणि नाक मिळाले, त्या दिवशी महादरवाज्याच्या तटातल्या लोकांनी साखर वाटली. आचार्य तोवर गडावर राहिले आणि पहाटे गवतदरवाज्यास दिसू लागले. पुसिले तर म्हणत, गवत पाहावयास आलो.

राहिले केसोपंत. खोटे लिहिल्याबद्दल दारोगेपण गेले, तो हुकूम होताच. मग महाराजांनी वर शिक्षा सांगितली की, पंतांनी जन्मभर, थंडी-पाऊस न म्हणता, रोज पहाटे गवतदरवाज्यास जाऊन म्हाकाईचे गाणे अथपासोन इतिपर्यंत ऐकावे आणि तिची खरखर किती उरली याचा कागद रोज हुजुरास पाठवावा. आणि सरकारातून पंतांस एक घोडे द्यावे, म्हणजे त्यांचे बोलण्यातील निदान एक गोष्ट खरी होईल. पंतांनी शिक्षा खाली मान घालोन ऐकिली आणि मान वर करावयास त्यांस अंमळ वेळ लागला.

मग पंत दुसरे पहाटे घोडे घेऊन गेले. म्हाकाईने पुसिले, "घोडं कसं हाय?" पंत म्हणाले, "खाते फार." मग ती गाइली, पंतांनी ऐकिले, आणि तिने बावीस वर्षांत एकदाच पुसिले होते त्याचे उत्तर तोंडाने न देता घरी जाऊन हुजुरास लिहिले की, आज पाहिले, खरखर अद्याप पुष्कळ शिल्लक आहे, गाणे बंद करता कामा नये. हाच कागद पंतांनी पुढे सतरा वर्षे रोज लिहिला, एक अक्षर बदलले नाही.

तात्पर्य इतकेच की, चार गळे होते ते चारही राहिले, दरवाजे उघडत राहिले, घोडे लठ्ठ जाहले. ज्यांस हे ऐकोन आपला आवडता गळा आठवला त्यांणी तो आठवावा. लिहिणाराचा हात येथे थांबला.