धोंड्याचा पहिला पाट

उदगीरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एकाही आडत्यानं आजवर विमानातून उडी मारलेली न्हाई, आणि ती मी मारणार होतो! वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरतात, माळ्यावर चढलो तरी बायको शिडी धरून उभी राहते. पण एकदा डोक्यात बसलं की बसलं!

बसवलं ते माझ्या साडूनं. शिवप्पा त्याचं नाव, लातूरला विज्ञानाचा मास्तर होता, नुकताच रिटायर झाला. त्या दुष्काळाच्या साली नळाला पंधरा दिवसांनी पाणी, मोंढ्यात मालाचा पत्ता न्हाई, आणि लातूरच्या विमानपट्टीवर कुठल्याशा कंपनीचा पॅराशूटचा कॅम्प लागला! कंपनीचा माणूस तुम्हाला छातीशी पट्ट्यांनी बांधतो आणि दहा हजार फुटांवरून उडी मारतो. शिवप्पानं ती मारली. वर फोटोही काढला. गाल कानापर्यंत गेलेले, तोंडात अख्खं आभाळ!

तो फोटो औश्याला सासूबाईंच्या, म्हणजे अव्वांच्या, भिंतीवर लागला, आणि दुसऱ्याच दिवशी अव्वांचा मला फोन.

"जावईबापू, औंदा धोंड्याला पहिला पाट शिवप्पाला. आपल्या घरात ढगातून आलेला पहिलाच माणूस हाय."

ऐकलंत? अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. तेहेतीस अनारसे, दिवा, नवे कपडे. थोरला जावई मी! लग्न झाल्यापासून पहिला पाट माझा, पहिलं ओवाळणं माझं, पहिला अनारसा माझा. आता मी त्या मास्तरच्या खालच्या अंगाला बसायचं?

"अव्वा, मीबी उडी मारली तर?"

"मग काय, दोघं सारखेच. थोरल्याचा पाट थोरल्याला!"

झालं! कॅम्पचे दहा दिवस उरले होते. मी नाव घातलं.

एकच अट आडवी आली. वजन नव्वद किलोच्या आत पाहिजे. मी आडत दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. त्र्याण्णव! हमाल वीरण्णा म्हणाला, "अप्पा, तुम्ही पोत्यापेक्षा बरेच भरून राहिलात." मी अर्ध्या भाकरीवर आलो. आठ दिवसांत काटा एकोणनव्वदवर! आमचा काटा म्हणजे वडिलांनी बसवलेला. तालुक्याची ज्वारी, तूर, सोयाबीन त्यावरून गेलेली. कुणाची टाप होती संशय घ्यायची!

पण तोंडाला कुलूप पाहिजे ना! चहाच्या हॉटेलात ईश्वरप्पानं, म्हणजे माझ्या दुकानी माल घालणाऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "अप्पा, ह्या वयात उडी कशापायी?"

साडूवर जळतो म्हणून, असं सांगता येतं का? मी ठोकून दिलं, "जिल्ह्यासाठी! उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, असा बोर्ड घेऊन आभाळातून उतरणार!"

संध्याकाळपर्यंत मला तीन हार पडले. दुसऱ्या दिवशी वाडीवरची शेतकरीण पारूबाई नारळ घेऊन दारात. तिच्या वाडीत बातमी निराळीच पोचलेली.

"अप्पा, पावसाचं औषध मारायला इमानात जाऊन राहिले म्हणं? आमच्या शिवारावर जरा जादा मारा!"

"अगं बाई, मी ढगात न्हाई जाणार, ढगातून खाली येणार!"

"हाव, म्हणजे मारूनच खाली येणार," म्हणाली आणि नारळ फोडून गेली.

उडीच्या दिवशी दोन टेम्पो भरून माणसं लातूरला निघाली. अर्धी जिल्ह्यासाठी, अर्धी पावसासाठी. तिसऱ्या टेम्पोत मी, बायको उमाबाई, हमाल वीरण्णा आणि दुकानचा काटा.

"अहो, काटा कशाला?" उमाबाई म्हणाली.

"दुसऱ्याच्या काट्यावर हा गुरुबसप्पा उभा राहात न्हाई!"

विमानपट्टीवर शिवप्पा आधीच हजर. पाया पडला, म्हणाला, "अण्णा, मला लई अभिमान वाटून राहिला!" मला त्याच्या त्या चांगुलपणाचाच जास्त राग येतो. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

कॅम्पवरच्या विनीता नावाच्या पोरीनं मला त्यांच्या काट्यावर उभं केलं.

"काका, शहाण्णव आहे. नाही जमणार."

"शहाण्णव? तुमचा काटा खोटा! वीरण्णा, आपला आण!"

आपल्या काट्यावर उभा राहिलो. एकोणनव्वद! दोन टेम्पो माणसांनी टाळ्या पिटल्या. "जिल्हा झालाच पाहिजे!" ती पोर बिचारी गोंधळून गेली.

तेवढ्यात शिवप्पा पुढं आला. मी म्हटलं, आता हा हसणार. पण न्हाई! छाती काढून म्हणाला, "आमचे अण्णा कधी खोटं बोलायचे न्हाईत! बाई, तुमच्याकडं सरकारी शिक्क्याचं वजन असेल ना? ठेवा दोन्ही काट्यांवर. सगळ्यांसमोर निकाल लागू द्या!"

"शिवप्पा, राहू दे," मी म्हणालो.

"का राहू दे? तुमच्या इज्जतीचा प्रश्न हाय, अण्णा!"

वीस किलोचं वजन आलं. त्यांच्या काट्यावर ठेवलं, वीस. आमच्या काट्यावर ठेवलं.

साडेअठरा.

टाळ्या थांबल्या. देवाशपथ सांगतो, सरकारी वजनाचं नाव निघेपर्यंत मी विसरलोच होतो! वडिलांनी त्या काट्याला खालून काय केलं होतं ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण इतकी वर्षं वापरून वापरून तो मलाच खरा वाटायला लागला होता.

ईश्वरप्पा हळूच काट्यापाशी आला. वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"अप्पा, तुमचं सात किलो गेलं. माझ्या तुरीचं किती गेलं असंल?"

वाटलं, मला त्या विमानात बसवावं आणि पॅराशूटशिवायच सोडावं! पारूबाई नारळ परत मागत होती, तो मी आधीच खाल्लेला. परतीला उमाबाईसुद्धा दुसऱ्या टेम्पोत चढली; माझ्याजवळ नुसता काटा.

दुकानात आता नवा काटा आलाय, शिक्क्याचा. पण भरवसा कोण ठेवणार! माल आणणारा प्रत्येक शेतकरी आधी मलाच चढवतो. "अप्पा, व्हा उभं!" काट्यानं शहाण्णव दाखवलं तरच पोतं टाकतो. परवा उपवासानं साडेपंच्याण्णव भरलो, तर ईश्वरप्पा पोतं उचलून शेजारच्या आडतीवर गेला! तेव्हापासून भाकरी मोजून खातो. कमी न्हाई, जास्त न्हाई.

धोंड्याला औश्याला गेलो. पहिल्या पाटावर शिवप्पा, दुसऱ्यावर मी. अव्वांनी माझ्यापुढंही तेहेतीस अनारसे ठेवले, तुपात न्हालेले. मी बघत बसलो.

"अण्णा, खाईना झालात?" शिवप्पानं विचारलं. "मग मी घेऊ का?"

घेतले. माझ्यादेखत एकेक करून सगळे संपवले त्यानं! मी काय करणार? दुसऱ्या दिवशी बाजार होता हो!