सरदार सुभानराव तुकडेकाम शिकले ती हकिकत

श्रीगजाननाचे स्मरण करोन, कुलदेवतेस दंडवत घालोन, जैसे वडिलांमुखी ऐकिले तैसे लिहितो. न्यून ते ऐकणारांनी पुरते करोन घ्यावे. शके सोळाशे बासष्ट, रौद्रनाम संवत्सरी, एका राज्यात तोफखान्याचे सरदार सुभानराव म्हणोन होते. त्यांनी बुरूज बहुत पाडिले, परंतु हाताने वीट कधी रचिली नव्हती. त्यांचे कुटुंब मैनाबाईसाहेब. त्या वर्षी बाईसाहेबांस देवी आल्या, जीव वाचला आणि दृष्टी गेली. पूर्वी पहाटे उठोन बागेतील विहिरीपावेतो एकट्या जात, मोगऱ्याशी बोलत, त्या आता उंबऱ्याशी बसोन राहिल्या. कोणी हात धरिला तर म्हणत, "मज गाईसारखे धरोन नेऊ नका." आणि सरदारांनी धरिला तरी तेच म्हणाल्या. मग बाहेर निघणे सोडिले, आणि जेवण कमी जाहले, आणि बोलणे त्याहून कमी जाहले.

ऐसे असता सरदार एके दिवशी अनवाणी दरबारी चालिले, तो तळव्यास फरशीवरील वेल लागली. ती उस्ताद अलीबक्ष कारीगर यांची करणी. फुटक्या चिनी भांड्यांचे आणि रंगीत दगडांचे तुकडे चुन्यात बसवोन ते वेली आणि पाखरे उठवीत. सरदार तैसेच उस्तादांकडे गेले आणि विहिरीपावेतो पायास समजेल ऐसी वाट पाहिजे म्हणोन बोलिले. उस्ताद म्हणाले, "हुकूम व्हावा, करून देतो." सरदार म्हणाले, "हुकूम नव्हे, उस्ताद, शिकवा. तिचा हात धरणे मज साधले नाही. वाट तरी माझ्या हातची असावी." उस्तादांनी हातोडी पुढे केली.

मग शिकणे सुरू जाहले. सरदारांनी पहिल्याच दिवशी उंबऱ्यापासोन विहिरीपावेतो चुना पसरविला, आणि तुकडे निवडीत बसले तो चुना वाळोन दगड जाहला. उस्ताद हसोन म्हणाले, "सरदार, एकदम मुलूख घेऊ नका. हात पुरेल इतकाच चुना पसरा. आधी रेघ काढा, मग रेघेच्या अंगाने तुकडे चालवा, आणि दोहोंमध्ये फट सारखी ठेवा, म्हणजे वेल मोकळी दिसते." सरदार "जी" म्हणाले आणि वाळलेला चुना आपल्या हाते खणोन काढिला. बोटे कापली, चिंध्या बांधोन दरबारी गेले, तेव्हा महाराजांनी पुसिले, "कोणत्या लढाईतील जखमा?" सरदार म्हणाले, "घरच्या, महाराज."

वाट पुरी होताच सरदारांनी आपले डोळे बांधोन तीवर चालोन पाहिले, तो तळवे रक्ताळले. तेव्हा गुडघ्यांवर बसोन एकेक तुकड्याची धार दगडाने घासोन मोडिली, आणि पुन्हा चालिले, आणि पुन्हा घासिले, पाय सुखावेपावेतो.

मग बाईसाहेबांस उंबऱ्याबाहेर पाय ठेवण्याची विनंती केली. त्यांनी ठेविला आणि तळव्याखाली वेल आली. "हे काय?" म्हणोन पुसिले. सरदार म्हणाले, "वेल आहे. तिच्या अंगाने चालावे. वळण येईल तेथे पान उंच आहे." बाईसाहेब निघाल्या. सरदार मागे श्वास धरोन, हात पुढे करीत आणि मागे घेत, चालिले. विहिरीजवळ बाईसाहेब थबकल्या, अंगठ्याने चाचपोन म्हणाल्या, "येथे पान उलटे बसले की." सरदार ओशाळोन म्हणाले, "उद्याच उपटोन नीट बसवितो." बाईसाहेब म्हणाल्या, "खबरदार! बाकी सारे उस्तादांनी शिकविले असेल. हे एवढे निखालस तुमचे." आणि मोठ्याने हसल्या.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. सरदारांनी पुढे किल्लेही घेतले. ते लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणोन आम्ही एवढेच लिहिले.